शेवट नसलेला वाद

१४ सप्टेंबर २०२५ चा रविवार. दुबईत आशिया चषकाचा भारत-पाकिस्तान सामना होता. भारत सात गडी राखून जिंकला आणि सामना संपल्यावर आपल्या खेळाडूंनी पाकिस्तानच्या खेळाडूंशी हस्तांदोलन केलं नाही. ईशाची नमाज पढून आम्ही थोडा वेळ सामना पाहिला आणि झोपून गेलो. सोमवारी सकाळी शाळेत हजेरी घेत होतो तेव्हा फोन वाजला. जालन्याहून आपा होत्या. रडत होत्या. एवढंच म्हणाल्या, “भाई, दुकानावर या.”

आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मिळेल त्या एसटीने जालना गाठलं. दुल्हेभाईंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पंपाच्या मोटारी तिथे दुरुस्त होतात. शेजारी बियाण्याचं आणि खताचं दुकान. दोन्ही दुकानांची गिऱ्हाइकं तीच, त्यामुळे दोन्ही मालकांची वीस वर्षांची ऊठबस. दुल्हेभाईंचं शटर अर्धं ओढलेलं होतं. आत आमचा भाचा मान खाली घालून बसला होता. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पोरगं अभ्यासात बरं, स्वभावाने गरीब.

घडलं होतं ते असं. रात्री सामन्याच्या एका व्हिडिओखाली त्याने लिहिलं, ‘हात मिळवायला हवा होता, खेळ शेवटी खेळ असतो.’ मत म्हणून त्यात गैर काही नव्हतं. कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. त्यावर एका अनोळखी माणसाने उत्तर दिलं. नाव खरं की खोटं कुणास ठाऊक. चेहऱ्याच्या जागी वाघाचं चित्र. त्याने याला पाकिस्तानात जायला सांगितलं. याने उत्तर दिलं. त्याने आईवरून काढलं. यानेही आईवरून काढलं. रात्री अडीचपर्यंत दोघांच्या मिळून साठाहून जास्त ओळी झाल्या. सकाळपर्यंत समोरच्याने आपल्या शिव्या पुसून टाकल्या होत्या. आमच्या पोराच्या शिव्या तेवढ्या उरल्या. त्यांचा स्क्रीनशॉट, सोबत त्याचा फोटो, कॉलेजचं नाव आणि बापाच्या दुकानाची पाटी, असं सगळं एकत्र जोडून गावभर फिरत होतं.

पहिली ओळ लिहिताना पोराची बाजू सभ्य होती. चाळिसाव्या ओळीला त्याच्याकडे बाजूच उरली नव्हती, नुसती शिवी उरली होती.

बाकड्यावरचा चहा

ही बातमी दुल्हेभाईंना दिली ती शेजारच्या बियाणेवाल्या काकांनी. सकाळी नऊला ते आले आणि म्हणाले, “भाई, हे माझ्याकडे चार ग्रुपांवर आलंय. पोरगं कुठंय? आधी ते पुसायला लावा.” दुपारी ठाण्यातून बोलावणं आलं. काका आमच्यासोबत निघाले. आम्ही म्हटलं, “तुम्ही कशाला? तुमचं दुकान उघडं आहे.” ते म्हणाले, “दुकान कुठं पळून जातंय?”

ठाण्यात तीन तास बाकड्यावर बसलो. तिथल्या अधिकाऱ्याने सगळं वाचलं, पोराला खडसावलं, पुन्हा असं लिहिणार नाही असं लिहून घेतलं आणि सोडलं. अल्लाहचा शुक्र की तेवढ्यावर निभावलं. पण त्या तीन तासांत बाकड्यावर जे घडलं त्यासाठी हा लेख लिहायला घेतला आहे.

चहा आला. काकांनी बशीत ओतला आणि म्हणाले, “एक सांगू का, भाई? हात मिळवला नाही ते बरोबरच केलं. पहलगामला २६ माणसं गेली. त्यात सहा आपल्या महाराष्ट्रातली. त्यांच्या घरी जाऊन सांगा, खेळ हा खेळ असतो म्हणून.” म्हणजे रात्री पोरगं ज्या मुद्द्यावर भांडलं होतं, त्यात काका वाघाच्या चित्रवाल्याच्याच बाजूचे निघाले! दुल्हेभाई थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “त्या घरांचं दुःख आम्हालाही आहे. तिथे पर्यटकांना वाचवताना घोडेवाला आदिलही गेला. पण हात मिळवायचा नव्हता तर खेळायचंच नव्हतं. खेळायचं, पैसे घ्यायचे आणि हात मिळवायचा नाही, हे काय?” काका म्हणाले, “हां, हे मात्र खरं. खेळायलाच नको होतं.” मग त्यांनी पोराकडे पाहिलं. “पण बाळा, कुणाच्या आईवरून बोलायचं नाही. तो बोलला तरी नाही.”

अर्ध्या कप चहात तो वाद संपला. दोघांचीही मतं पूर्वीचीच राहिली होती, तरी वाद संपला होता. रात्री साठ ओळींत जे जमलं नाही, ते चार वाक्यांत कसं जमलं? आम्ही परतीच्या एसटीत तोच विचार करत होतो.

दोष एकट्या पोराचा नाही

पोराला रागावण्याआधी आम्हाला स्वतःची कबुली द्यायला हवी. आम्ही चाळिशी ओलांडलेले, बी.एड. झालेले, मुलांना उर्दू आणि मराठी शिकवणारे. तरी हा रोग आम्हालाही आहे.

मार्च २०२५ मध्ये, रमजानच्या दिवसांत, मोहम्मद शमी दुबईत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मैदानावर पाणी पिताना दिसला. बरेलीच्या एका मौलानांनी त्याला दोषी ठरवलं आणि आपल्याच लोकांत वाद पेटला. प्रवासात रोजा पुढे ढकलण्याची सवलत शरीअतने दिली आहे, हे आम्हाला माहीत होतं. आम्ही ते एका पोस्टखाली लिहिलं. गुलाबाच्या फुलाचं चित्र लावलेल्या एका गृहस्थाने आम्हाला जाहिल म्हटलं. आम्ही हवाला दिला. त्याने उलटा हवाला दिला. तिसऱ्या रात्री आम्हीही त्याला जाहिल म्हटलं. सहरीला डोळे उघडत नव्हते. बायको म्हणाली, “रोजा शमीचा गेला की तुमचा?” आम्ही उत्तर दिलं नाही.

याच शमीला २४ ऑक्टोबर २०२१ रोजी पाकिस्तानकडून दहा गडी राखून झालेल्या पराभवानंतर त्याच्या धर्मावरून शिव्या घातल्या गेल्या होत्या. कर्णधार विराट कोहली उघडपणे त्याच्या पाठीशी उभा राहिला. मग काही दिवसांतच कोहलीच्या दहा महिन्यांच्या मुलीला कुणीतरी ऑनलाइन अत्याचाराची धमकी दिली. त्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी हैदराबादच्या ज्या तरुणाला पकडलं, तो २३ वर्षांचा सॉफ्टवेअर इंजिनिअर होता. शिकलेला! १५ नोव्हेंबर २०२३ रोजी मुंबईच्या वानखेडेवर शमीने न्यूझीलंडचे ५७ धावांत सात बळी घेतले, तेव्हा देशाने त्याला डोक्यावर घेतलं. आणि पुढे २०२५ च्या रमजानमध्ये त्याला झोडपायला आपण पुढे आलो. तेव्हा या बाबतीत ‘ते’ आणि ‘आपण’ असा फरक फारसा करता येत नाही.

टीव्हीचंही तेच. २०२३ च्या फेब्रुवारीत ‘बिग बॉस’चं सोळावं पर्व पुण्याच्या एमसी स्टॅनने जिंकलं आणि अमरावतीचा शिव ठाकरे दुसरा आला. त्या घरात हे दोघे दोस्त होते, एकाच ‘मंडली’तले. पण बाहेर त्यांचे चाहते एकमेकांच्या जातीधर्मापर्यंत पोहोचले. आमच्या आठवीच्या वर्गात दोन मुलं त्यावरून आठवडाभर एका बाकावर बसली नाहीत. तिकडे ते दोघे गळ्यात गळा घालून फोटो काढत होते.

अब्बांचा रेडिओ

वाद ही नवी गोष्ट नाही. आम्ही दहा-अकरा वर्षांचे होतो तेव्हाचं आठवतं. जानेवारी १९९१. बगदादवर बॉम्ब पडत होते. अब्बा जिनिंगमध्ये कामाला. संध्याकाळी घरचा रेडिओ काखेत मारून ते चौकातल्या हॉटेलात जायचे, बीबीसी उर्दूच्या बातम्या लावायचे. अब्बा सद्दामच्या बाजूचे. समोर एक वकीलसाहेब बसायचे. ते विचारायचे, “मग त्याने कुवेत गिळलं ते कोणत्या कायद्याने?” आवाज चढायचे. टेबलावर हात आपटले जायचे. आम्हाला वाटायचं, आता मारामारी होणार.

मारामारी कधी झाली नाही. मगरिबची अजान झाली की अब्बा उठायचे. वकीलसाहेब म्हणायचे, “जा, माझ्यासाठीही दुआ करा.” चहाचे पैसे कोण देणार यावर पुन्हा एक छोटा वाद. शिवाय अब्बांचा जागेचा दावा याच वकीलसाहेबांकडे होता, आणि त्यांच्या मुलीच्या लग्नात मंडपाची व्यवस्था अब्बांकडे. उद्या ज्याच्याकडे काम पडणार, त्याला आज किती बोलायचं, याचं माप माणसाला आपोआप कळतं. वादाला वेळ होती, जागा होती आणि ऐकणारे चार ओळखीचे लोक होते. त्यातला एखादा तरी म्हणायचा, “बस करा आता.”

आपल्या मराठवाड्याला ही रीत फार जुनी आहे. शेजारच्या पैठणचे संत एकनाथ सोळाव्या शतकातले. त्यांचं ‘हिंदू-तुर्क संवाद’ नावाचं भारूड आहे. त्यात एक हिंदू आणि एक मुसलमान एकमेकांच्या उपासनेतली उणीदुणी काढतात. आज कुणी तसं लिहिलं तर गुन्हा नोंदवला जाईल इतकं कडक बोलतात. आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. आमच्या जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. त्यांनीही मनाच्या श्लोकांत वाद टाकून संवाद धरायला सांगितलं आहे. आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांची अबू दाऊदच्या संग्रहातली हदीस तर आपल्याला ठाऊकच आहे. स्वतः हक्कावर असूनही जो वाद सोडून देतो, त्याच्यासाठी त्यांनी जन्नतच्या कडेला घराची हमी दिली आहे. आम्ही ही हदीस अनेकदा ऐकली होती. तिच्यातल्या ‘हक्कावर असूनही’ या शब्दांचा अर्थ आम्हाला ठाण्याच्या त्या बाकड्यावर कळला.

तिसरा कुणीतरी

हॉटेलातल्या वादात ‘बस करा’ म्हणणारा तिसरा माणूस असायचा. मोबाइलमधल्या वादातही तिसरा असतो, पण त्याला वाद थांबायला नको असतो. तो म्हणजे ती कंपनी. माणूस जितका वेळ पडद्यासमोर, तितक्या जाहिराती. २०२१ मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली, तेव्हा कळलं की २०१७ पासून ‘लाइक’ला एक गुण असेल तर रागाच्या तोंडासह इतर चिन्हांना पाच गुण दिले जात होते. ज्या मजकुरावर जास्त गुण, तो जास्त लोकांसमोर. रागाचं चिन्ह खोट्या आणि भडकाऊ मजकुरावर जास्त पडतं हे त्यांच्याच माणसांच्या लक्षात आलं, आणि २०२० मध्ये त्या चिन्हाचं वजन शून्यावर आणलं गेलं. पण प्रतिक्रिया जितक्या जास्त तितका मजकूर पुढे, हे मूळ गणित काही बदललेलं नाही. म्हणजे एखादं विखारी लिखाण खोडून काढायला आपण खाली दहा ओळी लिहितो, तेव्हा आपणच ते आणखी चार घरांत पोहोचवतो. गव्हाणीत चारा टाकत राहायचं आणि बैल हटत नाही म्हणून तक्रार करायची, तसं झालं.

कायदा काय म्हणतो

घरोघरी विचारलं जातं, “मग काही लिहायचंच नाही का? आपल्याला हक्क नाही का?” हक्क आहे. तो नीट समजून घ्यावा.

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. एकीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं होतं, दुसरीने ते नुसतं लाइक केलं होतं. एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. त्या प्रकरणातूनच पुढे याचिका झाली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं.

दुसरं प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाचं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी व्हॉट्सअॅप स्टेटसवर काश्मीरचं कलम ३७० हटवल्याचा निषेध केला आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. पालक-शिक्षकांच्या ग्रुपातल्या लोकांनी ते पाहिलं आणि हातकणंगले ठाण्यात कलम १५३अ खाली गुन्हा नोंदवला गेला. हेच कलम आता भारतीय न्याय संहितेत १९६ आहे. मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करणं हा नागरिकाचा हक्क आहे आणि दुसऱ्या देशाला त्याच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणं हा गुन्हा नाही, असं न्यायालयाने म्हटलं. शब्दांचा परिणाम खंबीर आणि समंजस माणसाच्या मापाने जोखायचा, हलक्या कानाच्या माणसाच्या मापाने नाही, हे जुन्या नागपूर उच्च न्यायालयाचं सूत्रही त्यात पुन्हा सांगितलं गेलं.

तिसरं पुण्याचं. मे २०२५ मध्ये १९ वर्षांच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने ‘ऑपरेशन सिंदूर’बद्दलची कुणाची तरी पोस्ट पुढे पाठवली. दोन तासांत पुसली, माफीही मागितली. तरी ९ मे रोजी अटक झाली आणि कॉलेजने नाव काढलं. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सरकार आणि कॉलेज या दोघांनाही कडक शब्दांत सुनावून तिला सोडवलं आणि परीक्षेला बसू दिलं.

कायदा शेवटी या सगळ्यांच्या बाजूने उभा राहिला, ही दिलाशाची गोष्ट आहे. पण ‘शेवटी’ या शब्दाकडे आई-बापांनी लक्ष द्यावं. पहिल्या प्रकरणात अडीच वर्षं गेली, दुसऱ्यात दीड वर्ष, तिसऱ्यात अठरा दिवस तुरुंगात. आणि काहींना तो ‘शेवटी’ही मिळत नाही. २ जून २०१४ रोजी पुण्याच्या हडपसरला नमाज पढून परतणाऱ्या मोहसीन शेखला जमावाने मारलं. फेसबुकवर महापुरुषांची विटंबना करणारी चित्रं कुणीतरी टाकली होती, त्यावरून शहर तापलं होतं. सोलापूरच्या या तरुणाचा त्या चित्रांशी काही संबंध नव्हता. लिहिणारा एक असतो आणि भोगणारा दुसराच असतो, म्हणून आम्हाला हे लिहावं लागतं.

आमच्या घरचे नियम

मुलांना ‘गप्प बसा’ असं आम्ही सांगत नाही. गप्प बसवलेलं मूल चोरून लिहितं, आणि चोरून लिहिलेलं जास्त घाण असतं. त्या दिवसानंतर आपांच्या आणि आमच्या घरात काही गोष्टी ठरल्या, त्या अशा.

खोटी गोष्ट दिसली तर ती एकदा, पुराव्यासह, स्वच्छ भाषेत खोडायची. एकदाच. मग तिथून उठायचं. समोरच्याच्या आई-बहिणीवर, धर्मावर, जातीवर एक शब्दही नाही. पहिली शिवी आली की उत्तर बंद. स्क्रीनशॉट घेऊन ठेवायचा आणि गरज पडली तर सायबर पोलिसांकडे तक्रार करायची. रात्री दहानंतर मोबाइल दिवाणखान्यात, मोठ्यांचेही. हा शेवटचा नियम बायकोने घातला आणि तो कुणासाठी आहे हे आम्हाला समजलं.

शाळेतही एक प्रयोग चालू केला. महिन्यातून एकदा सातवी-आठवीला वादविवाद. विषय त्यांचेच: शमी मोठा की बुमराह, टीव्ही असावा की नसावा. अट एकच. स्वतःचं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि समोरचा ‘हो, मी हेच म्हणालो’ म्हणाला तरच पुढे बोलायचं. पहिल्या दिवशी एकालाही जमलं नाही. समोरच्याचं कुणी ऐकलंच नव्हतं! आता निम्म्या मुलांना जमतं. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांचं मराठीही सुधारलं, कारण दुसऱ्याचं म्हणणं नेमकं सांगायला शब्द लागतात. शब्द संपले की माणूस शिवीवर येतो. मध्येच आम्ही विचारलं, “२०१४ मध्ये १९ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार आपल्या जालन्याचा होता, नाव सांगा.” बुमराहच्या प्रत्येक षटकावर भांडणाऱ्यांना विजय झोलचं नाव आलं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बॅट बाहेर निघाली.

भाचा सुट्टीच्या दिवशी दुकानावर बसतो. परवा आम्ही गेलो तेव्हा तो बियाणेवाल्या काकांच्या मोबाइलवर त्यांना पीक विम्याचा अर्ज भरून देत होता. काकांचं बोलणं चालूच होतं, कुठल्यातरी देशाच्या राष्ट्राध्यक्षाबद्दल. भाचा म्हणाला, “काका, मला नाही पटत.” काका म्हणाले, “नको पटू दे. आधार नंबर नीट टाक.”